एका श्वासात दोन नावे

मंडळी नव्या धर्मप्रांतात सामील झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकांनी मध्यस्थीच्या प्रार्थनेत नव्या बिशपांचे नाव घेतले. त्याच्या किंचित आधी चर्चमध्ये जुन्या बिशपांचे नाव ऐकू आले. जुने बिशप त्यापूर्वीच्या हिवाळ्यात वारले होते.

आवाज मोठा नव्हता. तो पुरुषाचा होता की बाईचा, हे कोणाला सांगता आले नाही. पाळक तरुण होते आणि गावात नवे होते. त्यांनी कागदावरून मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि प्रार्थना पुरी केली. उपासना संपल्यावर मंडळी नेहमीसारखी पांगली नाही, अंगणात रेंगाळली. पुढच्या बाकांवर बसणारे म्हणाले, आवाज मागून आला. मागच्या बाकांवर बसणारे म्हणाले, पुढून. खांबापाशी बसणाऱ्या कुंभाराने तो खांबातून आल्याचे सांगितले. सर्वांचे एकमत फक्त एका गोष्टीवर होते, की आवाज अगदी कानाशी आला.

दोरवाल्याची आई काठी टेकत फाटकाकडे निघाली तेव्हा अंगणातले बोलणे थांबले आणि ती बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झाले. मागे राहिलेल्या दोरवाल्याने दोन्ही ऐकले.

जुन्या धर्मप्रांताचे ठाणे नदीपलीकडे आणि डोंगरापलीकडे होते. तिकडून पाळक यायचा तो कित्येक गावे करीत, थकून. मधल्या काळात कोणी वारले तर मंडळीचा मुख्य पंच असलेला शिंपी पुस्तकातून वाचून माती देई. नवा धर्मप्रांत झाला आणि त्याने या मंडळीला स्वतःचा पाळक देऊ केला. बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा सगळे हात वर झाले. दोरवाल्याच्या आईचे दोन्ही हात मात्र मांडीवरच राहिले. शिंप्याने कारण विचारले. खांदा दुखतो, असे ती म्हणाली. लोक हसले आणि ठराव झाला. आता त्या खांद्याची आठवण सगळ्यांना होत होती.

दोरवाल्याचे घर चर्चच्या कुंपणाला लागून होते. घरामागे जमिनीचा एक अरुंद, लांब पट्टा होता, तिथे दोर वळले जात. पट्ट्याच्या एका टोकाला आई चाक फिरवी. दोरवाला कमरेला वाखाचा गठ्ठा बांधून उलट्या पावलांनी मागे जाई आणि बोटांतून तंतू सोडी. सूत जमिनीला लागू नये म्हणून त्याची बायको मधल्या खुंट्यांवर ते उचलून ठेवी. तिघांचेही डोळे सुतावरच असत. दोरवाला तर आयुष्यभर पाठीकडेच चालत आला होता.

त्या आठवड्यात घंटेचा नवा दोर वळायचा होता. नवे बिशप मंडळीचा रीतसर स्वीकार करायला येणार होते आणि जुना दोर मध्येच विरला होता. हवा वाईट होती. सकाळचे धुके दुपारपर्यंत हटत नसे. ओल धरलेला वाख बोटांना कापत नाही, चिकटतो. पीळ बसल्यासारखा वाटतो आणि हात सुटला की मागे फिरतो. चाकाजवळची आई पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसेनाशी होई. धुक्यातून नुसते सूत येई आणि चाकाची घरघर येई.

दुसऱ्या दिवशी बायकोने काम मध्येच थांबवले. खुंटीजवळ उभी राहून ती नवऱ्याला हलक्या आवाजात म्हणाली, "चाकातून नाव येतंय."

"कुणाचं?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाचं."

दोरवाल्याने कान दिला. नाव आहे असे ठरवून ऐकले तर चाक नाव घेत होते. बायकोचे म्हणून ऐकले तर बायकोचे, मेलेल्या वडिलांचे म्हणून ऐकले तर वडिलांचे. त्याने तिला तसे सांगितले. तिचे समाधान झाले नाही. ती सूत उचलू लागली, पण चाकाकडे पाठ करायची तिने टाळली, आणि संध्याकाळी स्वयंपाक करताना दाराची कडी लावून घेतली. सासूने कारण विचारले तेव्हा वाऱ्याने दार आपटते म्हणाली. बाहेर वारा नव्हता.

शिंपी आला तो गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून. लहानपणी रविवारच्या शाळेत त्याला दोरवाल्याच्या आईने शिकवले होते; ती त्याला अजून बापूच म्हणे. बसायला दिलेल्या स्टुलावर तो बसला नाही.

"काकू, मंडळीत कुरबुर आहे."

"मंडळीत ती असतेच. आज घरपोच घेऊन आलास."

शिंपी हसला नाही. तो म्हणाला, जुन्या बिशपांवर काकूंची माया होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात गैर काही नाही, पण प्रार्थनेच्या मध्ये मेलेल्या माणसाचे नाव घेणे बरे नव्हे. आईने चाकाच्या दांडीवरचा हात काढला नाही. तिने नाव घेतलेले नाही, असे ती म्हणाली. शिंप्याने मान हलवली. हे उत्तर तो येतानाच मोजून आला होता. मग त्याने येत्या रविवारी काकूंनी पाळकांच्या बायकोशेजारी बसावे असे सुचवले. सुचवले म्हणजे सांगितले.

"शेजारी कशाला? मांडीवर बसते, म्हणजे तोंडावर हात ठेवायला सोपं."

हे बोलून झाल्यावर तिने चाक फिरवायला सुरुवात केली, आणि शिंप्याला जाताना ताणलेल्या सुताखालून वाकून जावे लागले.

दुसऱ्या रविवारी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पाखरे, वारा आणि रस्त्यावरचे लोक ही कारणे अशी वगळली गेली. शिंपी मागच्या दारापाशी डोळे उघडे ठेवून उभा राहिला. लग्न होऊन आल्यापासून आई डावीकडच्या दुसऱ्या बाकाच्या कडेला बसत असे. तिथून तिला उठवून पाळकांच्या बायकोजवळ बसवले. ती उठली तेव्हा बाकाची लाकडी फळी करकरली आणि सगळ्यांनी तिकडे पाहिले. दोरवाल्याने आपल्या हातांकडे पाहिले.

प्रार्थना आजाऱ्यांसाठी झाली, प्रवाशांसाठी झाली. धुक्यामुळे आत दिवे लावले होते. पाळक म्हणाले, "आणि आमचे बिशप," आणि नवे नाव नीट वाचण्यासाठी त्यांनी कागद दिव्याकडे धरला.

जुने नाव आले.

या वेळी ते अधिक स्पष्ट होते. सगळे त्याची वाट पाहत होते म्हणून तसे वाटले असेल. एक लहान मूल रडू लागले. कुंभार खांबापासून दूर सरकला. पाळकांची बायको दोन्ही हात छातीशी धरून बसली होती. नंतर पंचांनी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, म्हातारीकडे माझे लक्ष होते, ओठ हलले की नाही नक्की दिसले नाही, पण आवाज फार जवळून आला. इतक्या जवळून की अंगावर श्वास आल्यासारखे झाले. पंचांनी यातले 'फार जवळून' तेवढे घेतले.

शिंपीही चपापला होता, कारण त्यालाही तो जवळूनच ऐकू आला होता आणि मागच्या दारापाशी तो एकटा होता. ही गोष्ट त्याने त्या दिवशी कोणाला सांगितली नाही.

पंच पाळकांच्या घरी बसले. ठरले ते दोरवाल्याला उभे करून सांगण्यात आले. बिशपांसमोर असे झाले तर स्वीकार लांबणीवर पडेल आणि मंडळी पुन्हा पाळकाविना राहील. म्हणून त्या रविवारी आईने घरी थांबावे. आवाज आला नाही तर दोष कोणाचा ते उघड होईल. मग तिने मंडळीसमोर उभे राहून कबुली द्यावी, आणि तोपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार नाही. पाळक खाली पाहत होते. हे कठोर होईल असे त्यांनी म्हणून पाहिले, पण ते गावात नवे होते.

दोरवाल्याने आईला हे दोर वळताना सांगितले. तीन पेड तयार होते; ते एकत्र पिळायचे होते. खाचांचा लाकडी ठोकळा पेडांमध्ये धरून तो हळूहळू पुढे सरकवायचा असतो, आणि त्या कामात थांबता येत नाही. त्याने तीच वेळ निवडली, कारण आईला चाक सोडून उठता येणार नव्हते आणि त्याला तिच्याकडे पाहावे लागणार नव्हते. ठोकळा सरकत होता, त्याच्यामागे दोर बंद होत होता. आईच्या चाकाची गती बदलली नाही.

"तुला काय वाटतं?" तिने विचारले.

"मला काय वाटायचंय. एका रविवारचा प्रश्न आहे."

"मी ते नाव घेतलं असं तुला वाटतं का?"

दोरवाला म्हणाला, वय झाले की माणूस पुटपुटतो, त्यात त्याचा दोष नसतो. आई चाकाशी बसूनही पुटपुटते, हे त्याने बऱ्याचदा ऐकले आहे.

"तुझ्या बापाला माती द्यायला बिशप स्वतः आले होते. पूर होता. छातीएवढ्या पाण्यातून आले, झगा डोक्यावर बांधून. त्या माणसाला नीट निरोप न देता दुसऱ्या घरी जायचं मला पटलं नाही, म्हणून हात वर केला नाही. ते तोंडावर सांगितलं असतं तर बापूनं तासभर समजावलं असतं, म्हणून खांदा म्हटलं. एवढंच केलं मी. मी राहीन घरी."

दोर पुरा झाला. तो खुंटीवरून काढताना दोरवाल्याच्या लक्षात आले की शेवटच्या हातभर भागात पीळ सैल आहे. दुसऱ्या कोणाचे काम असते तर त्याने परत केले असते. त्याने तो तसाच खांद्यावर घेतला.

स्वीकाराच्या रविवारी मंडळी वेळेआधीच भरली. शेजारच्या गावांतलेही लोक आले होते. आवाजाची गोष्ट तिथवर गेली होती. डावीकडच्या दुसऱ्या बाकाची कडा रिकामी राहिली. गर्दी असूनही तिथे कोणी बसले नाही.

घंटा वाजवायचे काम दोरवाल्याकडे होते. घंटेचा दोर वेदीशेजारच्या कोपऱ्यात उतरत असे, त्यामुळे दोर धरणाऱ्याला मंडळी समोरून दिसे. एरवी ती तशी फक्त पाळकांना दिसायची, आणि पाळक प्रार्थनेच्या वेळी कागदात पाहत. पहिल्या ओढीलाच दोराचे सैल टोक उसवले. बिशप वेदीपाशी येऊन बसले, गीत झाले, मंडळी प्रार्थनेसाठी वाकली. दोरवाला कोपऱ्यात उकिडवा बसून ते टोक सुतळीने आवळू लागला. अशा वेळी सुतळीचा एक शेवट दातांत धरतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

पाळक वाचू लागले. आजारी झाले, प्रवासी झाले. चर्चमध्ये कोणी खोकतही नव्हते.

"आणि आमचे बिशप," पाळक म्हणाले, आणि त्यांना दम घ्यावा लागला.

नाव आले.

आई घरी होती. हे सगळ्यांना एकाच वेळी आठवले असावे, कारण बाकांवरून एक लांब श्वास ऐकू आला. दोन बायका उठून दाराकडे गेल्या. शिंप्याचा चेहरा पिठासारखा झाला. आता दोष द्यायला कोणी जिवंत माणूस उरला नव्हता. बिशपांनी मान वर करून छताकडे पाहिले आणि पाळकांना पुढे चालण्याची खूण केली.

दोरवाला सुतळी शोधत होता. ती त्याच्या मांडीवर पडली होती. क्षणापूर्वी ती त्याच्या दातांत घट्ट होती; गाठ अर्धी झाली होती आणि ताण सुटल्यामुळे दोर पुन्हा उसवला होता. त्याने सुतळी मुद्दाम सोडली नव्हती. दात उघडल्याशिवाय ती पडणे शक्य नव्हते. त्याने ओठांना बोटे लावून पाहिली. मग त्याने दोर खाली ठेवला आणि मंडळीकडे तोंड करून बसला.

स्वीकाराची घोषणा पाळकांनी उभ्याने वाचली. तीत ते शब्द पुन्हा येत होते. "ही मंडळी," त्यांनी वाचले, "आजपासून आमचे बिशप," आणि कागद जवळ घेतला.

दोरवाल्याने पाहिले. कुंभाराचे ओठ हलले. पाळकांच्या बायकोच्या शेजारणीचे हलले. पहिल्या बाकावरच्या सुताराचे हलले, त्याच्या मुलीचे हलले, शेवटच्या रांगेत दिव्याखाली उभ्या असलेल्या शिंप्याचे हलले. दोरवाल्याच्या बायकोचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलले. फक्त बिशपांचे, पाळकांच्या बायकोचे आणि बाहेरगावच्या पाहुण्यांचे तोंड बंद होते. बाकी सर्वांनी ते नाव अर्ध्या आवाजात, एकाच वेळी घेतले आणि लगेच घाबरून इकडेतिकडे पाहिले.

प्रभुभोजन झाले. बिशपांना चहासाठी पाळकांच्या घरी नेले. दोरवाल्याने पाळकांना आणि शिंप्याला अंगणात, विहिरीच्या कठड्यापाशी गाठले आणि जे पाहिले ते सांगितले. शिंप्याला ते अपमानासारखे लागले.

"मी? अरे, मी ओठ शिवल्यासारखे मिटून उभा होतो."

पाळकांना मात्र त्यात अर्थ दिसू लागला होता. त्यांनी कपाळ चोळले. "थांबा. म्हणजे मी 'आमचे बिशप' म्हणालो," ते म्हणाले आणि विचार करायला थांबले.

शिंप्याने जुन्या बिशपांचे नाव घेतले.

उजेड होता, धुके विरले होते, आणि विहिरीपाशी तिघांखेरीज कोणी नव्हते. शिंप्याने तोंडावर हात ठेवला.

तिघेही दोरवाल्याच्या घरी गेले. आई चाकाजवळ बसली होती, चाक बंद होते. तिने चांगले लुगडे नेसले होते. शिंपी दारातच उभा राहिला. तो म्हणाला, काकू, पुढच्या रविवारी तुमच्या जागेवर बसा, प्रभुभोजन तुम्हाला आजच घरी आणून देतील, मी पंचांना सांगतो. त्याने आणखीही काही म्हणायला तोंड उघडले, पण त्याला आता तोंड उघडायचीच धास्ती वाटत होती.

"बस, बापू," आई म्हणाली. "त्या दिवशीही उभ्यानंच गेलास."

दोरवाल्याने तिला सगळे सांगितले. सुतळीचेही सांगितले, आणि ते सांगताना तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली की तिनेही घरी एकटीने सबंध उपासना म्हटली, पाठच होती. त्या जागी काय म्हटले ते तिला आठवत नाही. मग तिने पाळकांना विचारले, तुम्ही 'आमचे बिशप' म्हणून थांबता का.

"थांबतो. नवं नाव अजून जिभेवर बसलेलं नाही."

"ते पण थांबायचे," आई म्हणाली.

"कोण?" दोरवाल्याने विचारले.

"माझ्या या लेकाचा बाप्तिस्मा ज्यांनी केला ते पाळक," ती तरुण पाळकांना म्हणाली. "बाकी घडाघडा वाचायचे. 'आमचे बिशप' म्हटलं की अडायचे. नावाचं पहिलं अक्षर त्यांना जमायचं नाही. घाम फुटायचा, मान ताणायची. पोरं हसायला लागायची. मग आम्हीच हळूच म्हणून टाकायचो, म्हणजे ते पुढं जायचे."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच. कुणी ठरवलं नव्हतं."

शिंपी स्टुलावर बसला. त्याला ते पाळक आठवले; हसणाऱ्या पोरांत तो होता.

कारण असे होते. एका तोतऱ्या पाळकाला लाज वाटू नये म्हणून मंडळी त्याच्या थांब्यात बिशपांचे नाव घेऊ लागली, आणि हे वर्षानुवर्षे चालल्याने ती सवय झाली. मुलांनी ती आईबापांशेजारी बसून उचलली. त्याच्यानंतर जे पाळक आले ते अडखळत नव्हते, पण बिशप तेच होते, त्यामुळे पाळकांचे आणि मंडळीचे नाव एकावर एक पडे आणि वेगळे ऐकू येत नसे. जुने बिशप वारल्यावर जागा रिकामी होती तोवर ती ओळ वाचलीच गेली नाही. नव्या धर्मप्रांताबरोबर नाव बदलले आणि नव्या पाळकांमुळे थांबा परत आला. त्या थांब्यात प्रत्येकाने नकळत जुने नाव घेतले आणि कानाशी आलेल्या आवाजात आपलाही आवाज आहे हे ओळखले नाही. नाव घेणाऱ्यांत शिंपी होता, कुंभार होता, दोरवाला आणि त्याची बायको होती, आणि बहुधा दोरवाल्याची आईही होती. पाळक नव्हते, कारण ते बाहेरून आले होते.